मेटलमधलं ग्रोल आणि स्क्रीम: हे गाणं आहे का, आणि घसा टिकतो कसा?

प्रश्न असा आला आहे: "मेटलमधली गिटार आणि ड्रम मला मनापासून आवडतात, पण गायक गुरगुरायला लागला की गाणं बंद करतो. यांना गाता येत नाही म्हणून हे ओरडतात का? यात कौशल्य ते काय? आणि माझा धाकटा भाऊ आता हे शिकायचं म्हणतोय, त्याचा घसा कायमचा जाणार नाही ना?"

मी स्वतः बँडमध्ये याच आवाजात, म्हणजे गुरगुरणाऱ्या ग्रोलमध्ये आणि किंकाळीसारख्या स्क्रीममध्ये, गातो आणि बरीच वर्षं शिकवतोही. त्यामुळे माझं मत तटस्थ नाही, हे आधीच धरून चाला. पण ग्रोलच्या चाहत्यांनाही यातलं सगळंच रुचेल असं नाही.

आधी ऐकण्याबद्दल. तुम्हाला ऐकवत नाही, यात तुमच्या कानाचा काही दोष नाही. २०१५ साली लुक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. किंकाळी नुसती मोठी किंवा उंच असते म्हणून ती दचकवत नाही. तिच्यात आवाजाचा जोर सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली होत असतो आणि कानाला ती खरखर म्हणून जाणवते. रोजच्या बोलण्यात ही खरखर जवळजवळ नसतेच. धोक्याच्या भोंग्यांमध्ये मात्र असते. मेंदूतला अमिग्डाला नावाचा जो भाग भीतीशी जोडलेला आहे, तो अशा खरखरीने चाळवला जातो. ग्रोल आणि स्क्रीम करणारे आम्ही नेमकी हीच खरखर मुद्दाम बनवत असतो. तेव्हा पहिल्यांदा ऐकताना तुमचं शरीर "इथून निघ" म्हणालं, तर ते आपलं काम चोख करतंय.

सवयीने यात काय बदलतं, तेही तपासून झालं आहे. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातले विल्यम फोर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी डेथ मेटल (मेटलचा ग्रोलवर उभा असलेला टोकाचा प्रकार) ऐकणारे आणि न ऐकणारे अशा दोघांना तसली गाणी ऐकवून काय वाटलं ते विचारलं. न ऐकणाऱ्यांनी ताण, भीती, राग सांगितला. चाहत्यांनी सांगितलं बळ आल्यासारखं वाटलं, आनंद झाला, काहींना तर शांत वाटलं. गाणी तीच. त्याच गटाने २०१९ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका डोळ्यासमोर हिंसक चित्र, दुसऱ्यासमोर साधं, आणि मेंदू कोणतं चित्र जास्त वेळ धरून ठेवतो हे पाहायचं. हिंसक दृश्याकडे लक्ष जाण्यात चाहते आणि बाकीचे यांच्यात फरक दिसला नाही. म्हणजे हे ऐकून माणसं बथ्थड होतात, या समजाला त्या प्रयोगात आधार सापडला नाही. भावाबद्दल घरच्यांना जी काळजी असेल, तिच्यापुरतं हे सांगून ठेवतो.

आता "गाता येत नाही म्हणून". यावर चाहत्यांचं ठरलेलं उत्तर असतं: ओपेथ बँडचा मिकाएल ओकरफेल्ट ऐका, जिंजर बँडची तातियाना श्मायलुक ऐका, एकाच गाण्यात मधाळ गातात आणि पुढच्या ओळीला डरकाळी फोडतात. हे खरं आहे. पण हे उत्तर मला नेहमी थोडं लाचार वाटतं. त्याचा अर्थ असा होतो की ग्रोलला मान हवा असेल तर आधी साध्या गाण्याचं प्रमाणपत्र दाखवा. कॅनिबल कॉर्प्स या डेथ मेटल बँडचा जॉर्ज फिशर भजन कसं म्हणेल याच्याशी मला काही देणंघेणं नाही. तो जे करतो ते कसं करतो, एवढंच विचारायला हवं. आणि ते विचारायचं तर मोजमाप बदलावं लागतं.

मेटलचा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, कसा बनतो ते पाहा. गिटारच्या तारा खाली उतरवलेल्या असतात, आवाज डिस्टॉर्शनमधून फाडलेला असतो, आणि बहुतेक वेळा वाजवले जातात पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम. गंधार गाळलेला असतो, कारण इतक्या डिस्टॉर्शनमध्ये तो वाजवला तर चिखल होतो. या रिफमध्येच गाण्याची चाल असते. त्यावर कुणी सुरेल ओळ गायली की कान लगेच गायकाकडे जातो आणि रिफ साथीला बसतो. आयर्न मेडन किंवा जुडास प्रीस्ट यांच्याकडे तसंच होतं आणि तिथे ते शोभतंही. पण ज्यांना रिफच पुढे ठेवायचा होता, त्यांना आवाजाची जागा बदलावी लागली. ग्रोलमध्ये ठराविक स्वर जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून तो रिफशी भांडत नाही. त्याच्याही आवाजात डिस्टॉर्शनच असतं, म्हणून तो गिटारच्या पोतात मिसळतो. आणि स्वर काढून घेतल्यावर आवाजाकडे उरतात अक्षरांचे ठोके, म्हणून तो ड्रमच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

आपला कान सुरावर पोसलेला आहे. आवाज आला की पहिला प्रश्न "सुरात आहे का?" पण तबलजी पढंत करतो तेव्हा त्याचा षड्ज कुठला, हे कुणी विचारत नाही. बोल स्वच्छ आहेत का, वजन कुठे पडतंय, समेवर कसा येतोय, हे बघतो. ग्रोल त्या कानाने ऐकायचं असतं. माझ्या अनुभवात हा एक बदल केला की निम्म्या लोकांचा "हा काय गोंगाट" हा सूर बदलतो. उरलेल्या निम्म्यांना तरीही आवडत नाही, आणि ते ठीक आहे.

उदाहरणार्थ सफोकेशनचा फ्रँक मलन घ्या. त्याचा आवाज खोल आहेच, पण मी विद्यार्थ्यांना तो ऐकवतो तो खोलीसाठी नाही. ड्रम कुठे तोडतात, रिफ कुठे वळतो, आणि त्याचं अक्षर नेमकं कुठे आदळतं ते ऐका. मॉर्बिड एंजेलचा डेव्हिड व्हिन्सेंट दुसऱ्या टोकाला: संथ, एकेक शब्द जागेवर ठेवून जाणारा. फिशर प्रचंड वेगात अक्षरं ओततो आणि तरी एकही ठोका सांडत नाही. हे तिघेही "तेच ते गुरगुरणं" करतात असं ज्याला वाटतं, त्याने अजून आवाजाचा पोतच ऐकलाय, लय ऐकलेली नाही.

शब्द कळत नाहीत ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे, पण तिचं कारण बहुतेकांना वाटतं ते नसतं. स्वर, म्हणजे अ, आ, ई, ऊ, आपण ओळखतो ते तोंडाच्या पोकळीच्या आकारावरून. जीभ पुढे गेली की ई, ओठ गोल झाले की ऊ. ग्रोल खोल ऐकू यावं म्हणून गायक ओठ गोल करतो, स्वरयंत्र खाली नेतो, जीभ एका जागी ठेवतो, आणि तो आकार मोडू नये म्हणून सगळे स्वर त्याच साच्यातून काढतो. मग सगळंच ऊ आणि ओ यांच्या मध्ये कुठेतरी अडकतं. गंमत अशी की ऑपेरातल्या सोप्रानोही फार उंच स्वरांवर पोचल्या की त्यांचेही शब्द कळत नाहीत, कारण त्यांनाही आवाज भरीव राखण्यासाठी तोंडाचा आकार बदलावा लागतो. तिथे मात्र कुणी "ही काय बडबडतेय" म्हणत नाही.

स्वर गेले तर शब्द वाचवायचे कुणी? व्यंजनांनी. क, ट, ग, प यांची धार राखली तर श्रोता निम्मे शब्द आपोआप भरून घेतो. म आणि न यांचं मात्र ग्रोलमध्ये वाईट होतं. ते म्हणताना हवा नाकातून जाते आणि खरखर विझते. त्यामुळे चांगला गायक ते झटकन उरकतो आणि पुढच्या स्वरावर उडी मारतो. ही कारागिरी अवघड आहे आणि माझ्या दृष्टीने खोल आवाज काढण्यापेक्षा कितीतरी अवघड. अर्थात शब्द कळायलाच हवेत असाही नियम नाही. ऑबिच्युअरीच्या १९८९ च्या पहिल्या अल्बमवर जॉन टार्डीने कित्येक ठिकाणी खरे शब्दच वापरले नव्हते, नुसते आवाज काढले. तो अल्बम आजही डेथ मेटलच्या पायाच्या दगडांत मोजला जातो.

आता हा आवाज निघतो कुठून ते सांगतो, कारण भावाच्या घशाचं उत्तर तिथेच आहे.

साध्या बोलण्यात फुप्फुसातली हवा स्वरतंतूंमधून जाते आणि ते थरथरतात. पुरुषांत साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बायकांत दोनशेच्या आसपास. या स्वरतंतूंच्या थोडं वर मऊ पेशींच्या आणखी दोन घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी त्या बाजूला पडून असतात. गिळताना, खोकताना, जड काही उचलताना जवळ येतात. फॉल्स कॉर्ड पद्धतीच्या ग्रोलमध्ये गायक त्या मुद्दाम जवळ आणतो आणि हवेच्या झोताने त्यांनाही थरथरायला लावतो. त्याहून वर, घशाच्या झाकणापासून मागे जाणाऱ्या घड्या आहेत, त्याही अनेकांच्या आवाजात भाग घेतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात लोर्ना शोर बँडचा गायक विल रामोस याच्या घशात कॅमेरा घालून चित्रण केलं गेलं, त्यात हे उघड दिसतं: स्वरयंत्राच्या वरचा सगळा भाग आकसतो, फिरतो, थरथरतो.

हे मेटलवाल्यांनी शोधलेलं नाही. सायबेरियातल्या तुवामधले कार्गिरा (खोल घरघरीचं गायन) गाणारे, तिबेटी परंपरेतले ग्युतो मठाचे भिक्खू, सार्डिनियातल्या चार जणांच्या गायनातला सर्वांत खालचा आवाज, हे सगळे याच घड्या वापरत आले आहेत. योहान सुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की अशा गायनात खोटे स्वरतंतू खऱ्या स्वरतंतूंच्या नेमक्या निम्म्या गतीने थरथरतात, म्हणून ऐकणाऱ्याला एक सप्तक खालचा स्वर ऐकू येतो. खर्जाचाही खर्ज. फरक असा की त्या गायकांचं थरथरणं नियमित असतं, म्हणून त्यातून स्वर निघतो. ग्रोलमध्ये ते अनियमित असतं, म्हणून खरखर निघते.

दुसरी पद्धत फ्राय. सकाळी उठल्यावर आवाज दार करकरावं तसा तुटक निघतो ना, तिथून सुरुवात करायची आणि त्यावर दाब वाढवत न्यायचा. यातून जास्त उंच, पातळ, कडक स्क्रीम निघते. ब्लॅक मेटल आणि मेटलकोर या मेटलच्या उपप्रकारांत ती जास्त ऐकू येते. या पद्धतीत नेमकं काय थरथरतं यावर आम्हा शिकवणाऱ्यांत अजून वाद आहेत, आणि एकाच नावाखाली दोन शिक्षक दोन वेगळ्या गोष्टी शिकवताना दिसतात. भावाने शिक्षक शोधताना हे लक्षात ठेवावं. नावापेक्षा आवाज करून दाखवायला सांगा आणि दाखवून झाल्यावर त्या शिक्षकाचा बोलण्याचा आवाज ऐका. तोच घोगरा झाला असेल तर फी देऊ नका.

तिसरी, श्वास आत घेत काढलेला आवाज. डुकराच्या चिरकण्यासारखे जे आवाज ऐकू येतात त्यातले अनेक असे निघतात. मी ही पद्धत शिकवत नाही. कोरडी हवा सरळ आत ओढली जाते, घसा लवकर सुकतो, आणि अक्षरांवर ताबा जवळजवळ राहत नाही. श्वास बाहेर सोडत तोच परिणाम साधता येतो.

खोलीबद्दल एक गैरसमज इथेच मोडून काढतो. ग्रोलची खोली स्वर खाली गेल्यामुळे येते असं वाटतं, पण ती बरीचशी पोकळीमुळे येते. ओठ पुढे, गोल, स्वरयंत्र खाली, मागचा घसा मोकळा. आवाजाची नळी लांब झाली की मेंदूला समोरचं जनावर मोठं वाटतं. म्हणूनच "बायकांना हे जमत नाही" हे म्हणणं शरीरशास्त्राच्या पातळीवरच टिकत नाही. होली मोझेस बँडची झबीना क्लासन १९८१ पासून हा आवाज काढत होती. अँजेला गोसो २००१ मध्ये आर्च एनिमीच्या अल्बमवर आली, तेव्हा नाव न वाचता ऐकणाऱ्या कित्येकांना तो पुरुषाचा आवाज वाटला. आज स्पिरिटबॉक्स बँडची कोर्टनी लाप्लांट किंवा तातियाना यांना "बाई असून" असं म्हणणारा माणूस दिसला की मी वाद घालत नाही, विषय बदलतो.

तर, घसा जाईल का? जाऊ शकतो. पण खरखर हे त्याचं कारण नाही. जोर लावणं हे कारण आहे. नवशिका आवडत्या गायकाचा आवाज ऐकतो, तो स्पीकरमधून प्रचंड मोठा ऐकू येतो, आणि तो तेवढ्याच मोठ्याने ओरडायला जातो. खरे स्वरतंतू एकमेकांवर जोरात आदळतात, सुजतात, आणि हे रोज चाललं तर त्यांवर गाठी धरतात. अचानक फार ताण आला तर तंतूत रक्तस्रावही होतो. पण हे साध्या गाण्यातही होतं. गायिका अडेलला २०११ मध्ये स्वरतंतूतल्या रक्तस्रावामुळे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि ती काही ग्रोल करत नाही. आवाजाच्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्यांत शाळेचे शिक्षक नेहमीच बरेच असतात.

जे लोक दशकानुदशकं हे करतात त्यांचं रहस्य असं की ते वाटतं त्यापेक्षा बऱ्याच हळू आवाजात गातात. चांगलं ग्रोल खोलीत शेजारी बसून ऐकलं तर पुष्कळदा बोलण्याहून थोडंच मोठं असतं. मोठेपणा माइक आणि त्याला जोडलेली आवाज वाढवणारी, एकसारखा करणारी यंत्रं (प्रीअँप, कंप्रेसर) आणतात. हे पहिल्यांदा कळल्यावर विद्यार्थ्यांचा चेहरा पडतो. त्यांना ज्वालामुखी हवा असतो.

न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांनी २००५ मध्ये याच विषयावर शिकवणीची डीव्हीडी काढली. त्यांनी लॅम्ब ऑफ गॉडच्या रँडी ब्लाइद यांच्यासारख्या गायकांबरोबर काम केलं आहे. त्याआधी बहुतेक जण अंदाजाने शिकत होते, आणि अनेकांनी त्याची किंमत मोजली. आज परिस्थिती उलटी आहे. शिकवणारे चिक्कार आहेत आणि एका मिनिटाच्या क्लिपमध्ये "राक्षसी आवाज" देण्याचं आश्वासन देणारेही चिक्कार.

भावाला माझ्याकडून हे सांगा. सुरुवात दमसासापासून करायची. पोट आणि बरगड्या वापरून श्वास हळूहळू, एकसारखा सोडता आला पाहिजे, कारण घशाने दाब सांभाळायला घेतला की मानेच्या शिरा फुगतात आणि खेळ संपतो. मग दमल्यावर सोडतो तसा हवेशीर उसासा, आणि त्यात घरघर हळूच मिसळायची, बोलण्याच्या आवाजातच. दहा-पंधरा मिनिटं पुरे. आरशात मान बघायची, जबडा बघायचा. मध्ये पाण्याचे घोट घ्यायचे, पण पाणी स्वरतंतूंना थेट भिजवत नाही (तसं झालं तर ठसका लागेल). दिवसभर पुरेसं प्यायलेलं पाणीच कामाला येतं. घसा खाकरत राहायची सवय असेल तर ती आधी सोडायची. खाकरणं म्हणजे स्वरतंतू एकमेकांवर आपटणंच.

दुखणं, खाज, टोचणं, लगेच खोकला येणं: यातलं काहीही झालं की त्या दिवसापुरतं थांबायचं. "सवय होईल" असं म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. सराव झाल्यावर वरच्या पट्टीत अगदी हळू, कुजबुजण्याइतक्या बारीक आवाजात एखादी ओळ गाऊन बघायची. सूज आली असेल तर मोठा आवाज ठीक निघतो, पण हा बारीक आवाज अडकतो, फुटतो किंवा नुसती हवा येते. माझ्या मते ही सर्वांत प्रामाणिक चाचणी आहे. आणि बोलण्याचा आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर शिक्षक, व्हिडिओ, मध, हळद सगळं बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं आणि कॅमेऱ्याने तपासून घ्यायचं. ॲसिडिटीचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण वर आलेलं आम्ल स्वरयंत्राला भाजतं आणि माणूस दोष ग्रोलला देत बसतो.

माइकबद्दल एक. माइकची जाळी दोन्ही हातांनी मुठीत धरण्याची फॅशन आहे, दिसतंही जोरदार. पण गायकांचे बहुतेक माइक मागच्या बाजूने येणारा आवाज गाळण्यासाठी बनवलेले असतात, आणि त्यासाठी त्यांच्या मागच्या फटी उघड्या लागतात. त्या झाकल्या की माइक सगळीकडचं ऐकू लागतो, फीडबॅकची शिट्टी वाजते, अक्षरांची धार जाते आणि उरतो मधल्या पट्टीतला एक फुगीर गोंगाट. आवाज मोठा वाटतो खरा. साउंड सांभाळणारा माणूस मात्र तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देत असतो.

आता चाहत्यांना न आवडणारा भाग.

गेली काही वर्षं या क्षेत्रात खोलीची आणि विचित्रपणाची शर्यत लागली आहे. कोण जास्त खाली जातो, कोण जास्त अमानुष आवाज काढतो, कोणाची शेवटची डरकाळी जास्त लांब. कौतुक मलाही वाटतं. रामोसचा आवाका खरोखर थक्क करणारा आहे. पण त्याची नक्कल करणाऱ्या बँडांत गाणं उरत नाही. सगळं त्या एका आवाजाची वाट बघत बसलेलं असतं. तांत्रिक करामत गाण्याच्या बाहेर काढून दाखवता येत असेल, तर ती गाण्यात नव्हतीच. याउलट लिंकिन पार्कच्या चेस्टर बेनिंग्टनची २००७ च्या 'गिव्हन अप' या गाण्यातली सतरा सेकंदांची स्क्रीम घ्या. लांबी सगळ्यांना आठवते, पण ती तिथे बसते, कारण गाणं तिथपर्यंत दाबत दाबत नेलेलं आहे.

दुसरी कटकट म्हणजे कडव्यात स्क्रीम आणि ध्रुवपदात गोड गाणं हा साचा. मेटलकोरने तो इतका घासला आहे की तिसऱ्या गाण्यालाच पुढचं सगळं कळतं. राग आणि हळवेपणा यांचं इतकं व्यवस्थित वाटप खऱ्या आयुष्यात कुणाचं होत नाही.

आणि "ग्रोल नसेल तर ते मेटल नाही" म्हणणारे. ज्या चक शुल्डिनरने डेथ या बँडमधून १९८७ पासून या आवाजाला आकार दिला, त्याचाच आवाज पुढच्या प्रत्येक टप्प्यावर वर सरकत गेला, आणि १९९९ मध्ये कंट्रोल डिनाइडचा अल्बम काढताना त्याने माइक सरळ सुरेल गायक टिम आयमर याच्याकडे दिला. ओपेथने २०११ मध्ये ग्रोल सोडून दिलं, चाहते वर्षानुवर्षं कुरकुरले, आणि २०२४ च्या अल्बममध्ये ओकरफेल्टने ते परत आणलं. यातून मी एवढंच घेतो की हे लोक ग्रोलला एक साधन मानत होते. हवं तेव्हा उचललं, नको तेव्हा ठेवलं.

हिंसेबद्दल फार लिहीत नाही. काही बँडांचे शब्द मलाही किळसवाणे वाटतात आणि मी ते ऐकत नाही. पण आवाज आणि आशय या दोन गोष्टी आहेत. गोजिरा हा फ्रेंच बँड २००५ पासून देवमासे आणि पृथ्वीच्या नाशाबद्दल याच आवाजात गातो आहे, आणि २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात सीन नदीकाठच्या कॉन्सिएर्जरी या जुन्या इमारतीवरून साऱ्या जगाने तो ऐकला. ऐकून डोकं भडकतं का, याबद्दल क्वीन्सलँड विद्यापीठातल्या लिआ शार्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी २०१५ मध्ये ३९ श्रोत्यांवर केलेला अभ्यास आहे. त्यांना आधी रागावलेल्या आठवणी काढायला लावल्या, मग काहींना त्यांचं आवडतं टोकाचं संगीत ऐकू दिलं, काहींना शांत बसवलं. संगीताने राग वाढला नाही, तो उतरायला मदतच झाली. अर्थात ते सगळे मुळातच असलं संगीत ऐकणारे होते. तुम्हाला मुद्दाम बसवून ऐकवलं तर राग वाढेलही.

तरीही एकदा प्रयत्न करायचा असेल तर आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा, हेडफोन नकोत. ओपेथच्या २००१ च्या 'ब्लॅकवॉटर पार्क'पासून सुरुवात करा. त्यात ग्रोल आणि साधं गाणं शेजारी शेजारी आहे, आणि एकातून दुसऱ्यात जाताना संगीत का वळतं ते कळतं. मग डेथचा १९९५ चा 'सिम्बॉलिक', तिथे रिफ आणि आवाज यांचं नातं सर्वांत स्पष्ट आहे. ऐकताना गायकाकडे लक्षच देऊ नका. बास ड्रमचे ठोके धरा आणि गायकाची अक्षरं त्यांच्यावर कुठे पडतात, कुठे मुद्दाम चुकवतात, एवढंच बघा. दोन्ही अल्बम पुरते ऐकूनही नाही रुचलं, तर स्वतःवर जबरदस्ती करू नका. ॲनिमल्स ॲज लीडर्स, रशियन सर्कल्स, पेलिकन असे बँड आहेत. रिफ तसेच जड, ड्रम तसेच अंगावर येणारे, आणि गायक जवळपास नसतोच.